दोन मेडिकल आणि एक गोळी

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. रात्रीचे साडेनऊ वाजले होते. दिंडोलीत आमच्या सोसायटीबाहेर घोट्याएवढं पाणी साचलं होतं आणि घरात बाबा कण्हत होते. महिन्यापूर्वी त्यांच्या मणक्याचं ऑपरेशन झालं होतं. ऑपरेशन चांगलं झालं होतं, पण कंबर अजून ठणकत होती. आईने औषधांचा डबा उघडला तर दुखण्याच्या गोळीचं पाकीट रिकामं.

"अरे, बाबांची गोळी संपली. पटकन मेडिकलमधून घेऊन ये," आई म्हणाली.

मी चिठ्ठी खिशात घातली आणि गाडी काढली. आमच्या नाक्यावरचं मेडिकल जुनं आहे. चालवणारे भाई साठीचे, गुजराती, डोळ्यांवर जाड चष्मा. मी चिठ्ठी पुढे केली. त्यांनी ती उजेडात धरली, मागे वळवली. मागच्या खेपेला त्यांनीच मारलेला शिक्का आणि तारीख तिच्यावर होती.

"दस दिवसनी गोळी छ दिवसमां केवी रीते पती गई?" त्यांनी विचारलं.

खरं सांगतो, मी हा हिशोब केलाच नव्हता. दिवसाला तीन, अशा दहा दिवसांच्या तीस गोळ्या होत्या. सहाव्या दिवशी पाकीट रिकामं, म्हणजे बाबा दिवसाला पाच घेत होते. मी म्हटलं, "दुखतंय त्यांना, म्हणून जास्त घेतली असेल." भाईंनी पुढचा प्रश्न विचारला, "दुसरं काय काय चालू आहे? साखर? बीपी? झोपेची गोळी?" मला सांगता येईना. मुलगा घरात राहतो, पण बापाच्या डब्यात काय आहे हे त्याला माहीत नाही!

भाई म्हणाले, "ही गोळी नव्या चिठ्ठीशिवाय मिळणार नाही. आज साधी पॅरासिटामॉल घेऊन जा आणि उद्या सकाळी डॉक्टरांना फोन करा. घरातली सगळी औषधं एका पिशवीत घालून मला दाखवा. आणि झोपेची गोळी असेल तर आज देऊ नका."

माझं डोकं फिरलं. "भाई, पेशंट घरी रडतोय आणि तुम्ही चौकशी करताय? आम्ही काय नशा करणारे दिसतो का?" असं काहीसं मी बोललो. दुकानात अजून दोन गिऱ्हाइकं होती, त्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं. भाई काही बोलले नाहीत. त्यांनी पॅरासिटामॉलचं पाकीट पुढे सरकवलं. ते न घेताच मी निघालो.

दोन चौक पुढे दुसरं मेडिकल उघडं होतं. काउंटरवर वीस-बावीस वर्षांचा मुलगा मोबाइल बघत होता. त्याने चिठ्ठीवर एक नजर टाकली आणि म्हणाला, "ये वाली नहीं है, इससे पावरवाली है. चलेगी?" मी म्हटलं, "चलेगी." त्याने विचारलं, "कितनी?" बस, एवढंच संभाषण. पैसे दिले, गोळी मिळाली. घरी येताना वाटलं, आपण जिंकलो.

जुन्या गोळीत ट्रामाडॉल साडेसदतीस मिलिग्रॅम होतं, सोबत पॅरासिटामॉल. नव्या गोळीत नुसतं ट्रामाडॉल, १०० मिलिग्रॅम. म्हणजे एक गोळी अडीच पटीहून जास्त ताकदीची. हे मी दुसऱ्या दिवशी वाचलं. त्या रात्री मी फक्त पाकीट आईच्या हातात दिलं. बाबांनी सवयीने दोन घेतल्या. अर्ध्या तासाने, आज तरी शांत झोप लागावी म्हणून, फॅमिली डॉक्टरांनी दोन वर्षांपूर्वी लिहून दिलेली झोपेची गोळीही घेतली. एरवी अर्धी घेत, त्या रात्री अख्खी घेतली.

दोनच्या सुमारास आईने मला उठवलं. "बाबांचं घोरणं मला बरोबर वाटत नाही रे. हलवलं तरी उठत नाहीत."

ते घोरणं मी विसरू शकत नाही. घशात पाणी अडकल्यासारखा खरखर आवाज, मग काहीच नाही, मग पुन्हा एक श्वास. मी मोजत होतो. दोन श्वासांत दहा-बारा सेकंद जात होते. ओठ काळसर दिसत होते. मी १०८ ला फोन केला. फोनवरच्या बाईंनी सांगितलं, त्यांना कुशीवर वळवा, हनुवटी थोडी वर ठेवा, श्वासाकडे लक्ष ठेवा, काही पाजू नका. आई कांदा आणायला स्वयंपाकघरात धावली होती. मी तिला थांबवलं. पावसातून गाडी यायला किती वेळ लागला ते मला सांगता येणार नाही. घड्याळात कमी असेल, मला फार वाटला.

हॉस्पिटलमध्ये तरुण डॉक्टरीणबाईंनी बाबांची पापणी उघडून बॅटरी मारली. बुबुळ बारीक झालेलं होतं, टाचणीच्या डोक्याएवढं. त्यांनी मला विचारलं, "काय काय घेतलंय? सगळी पाकिटं आणलीत?" नशिबाने आईने डबाच उचलून आणला होता. पाकिटं बघताच त्यांनी ऑक्सिजन वाढवला आणि शिरेत एक इंजेक्शन दिलं. थोड्या वेळाने आणखी एक. काही मिनिटांत बाबांचा श्वास सलग झाला. मग त्यांनी डोळे किलकिले केले, आजूबाजूला पाहिलं आणि म्हणाले, "काय व्हयनं रे?"

अमळनेर सोडून सुरतेला आल्याला त्यांना चाळीस वर्षं झाली, पण घाबरले की ते अहिराणीतच बोलतात. मी बाहेर जाऊन पॅसेजमधल्या बाकावर बसलो आणि रडलो.

केसपेपरवर लिहिलं होतं, ओपिऑइड ओव्हरडोस. आईला शब्द समजावून सांगितला तेव्हा ती दचकली. "ओव्हरडोस? ते तर नशा करणाऱ्यांना होतं ना? हे तर माळकरी आहेत रे!" खरंच, बाबांच्या गळ्यात तुळशीची माळ आहे. पांडेसराच्या डाइंग मिलमध्ये आयुष्य गेलं, पण तंबाखूची चिमूटसुद्धा कधी घेतली नाही. आपल्यासारख्या घरांत हा शब्द पेपरातला, सिनेमातला असतो. औषधाच्या डब्यातूनही तो घरात येऊ शकतो, हे आम्हाला त्या रात्री कळलं. आपल्या मंडळींपैकी आणखी कुणाला ते असं कळू नये, म्हणून हे लिहितो आहे.

आधी ओपिऑइड म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो. अफूच्या बोंडातून मॉर्फिन आणि कोडीन मिळतं. मॉर्फिन मोठ्या वेदनेवर वापरतात, कोडीन खोकल्याच्या काही औषधांत असतं. त्याच जातीची काही औषधं कारखान्यात बनतात. ट्रामाडॉल, टॅपेंटाडॉल, फेंटानिल ही त्यांतली नावं. ही सगळी मेंदूतल्या एकाच प्रकारच्या जागांवर जाऊन बसतात आणि वेदना कमी करतात. पण श्वासाची लय सांभाळणारा मेंदूचा भागही त्यांनी मंदावतो. डोस बेताचा असेल तर काही होत नाही. जास्त झाला तर माणूस झोपतो, श्वास हळू होत जातो आणि शेवटी थांबतो. ना ओरडणं, ना तडफड. बाजूला झोपलेल्या माणसाला वाटतं, चला, आज यांना गाढ झोप लागली.

झोपेची किंवा चिंतेची गोळी सोबत असेल तर हा धोका फार वाढतो, कारण तीही त्याच दिशेने ओढते. दारूचंही तसंच. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने ऑगस्ट २०१६ मध्ये या दोन जातींच्या औषधांवर, ती एकत्र घेण्याबद्दल, सर्वांत कडक अशी चौकटीतली सूचना छापायला लावली. त्यात वय जास्त असेल, मूत्रपिंड थोडं कमजोर असेल, झोपेत श्वास अडकण्याची सवय असेल, तर औषध शरीरात साठतं किंवा त्याचा परिणाम जास्त होतो. बाबांच्या बाबतीत यातलं जवळजवळ सगळंच होतं. वीस वर्षांची साखर, किडनीचे आकडे थोडे वाढलेले, आणि घोरणं तर आमच्या घराण्याचंच. मणक्याच्या डॉक्टरांना झोपेच्या गोळीची माहिती नव्हती. फॅमिली डॉक्टरांना ट्रामाडॉलची नव्हती. दोघांचंही आपापल्या परीने बरोबर होतं. दोघांच्या चिठ्ठ्या एकत्र येतात अशी एकच जागा असते, मेडिकलचा काउंटर. आणि त्या काउंटरवर विचारलेल्या प्रश्नाला मी भांडण समजलो.

बाबा घरी आल्यावर चौथ्या दिवशी मी भाईंच्या दुकानात गेलो. दुपारची वेळ होती, गर्दी नव्हती. मी माफी मागितली, काय झालं ते सांगितलं. त्यांनी आधी बाबांची तब्येत विचारली. मग स्टूल पुढे करून म्हणाले, "बसो."

त्या दुपारी मी औषधाच्या दुकानाबद्दल जेवढं शिकलो तेवढं आयुष्यात शिकलो नव्हतो. भाईंनी काउंटरखालून एक लांबट वही काढली. शेड्यूल एच-१ ची. १ मार्च २०१४ पासून देशभर हा नियम लागू आहे. काही ठरावीक औषधं विकली की डॉक्टरांचं नाव-पत्ता, पेशंटचं नाव, औषध आणि किती दिलं, हे वेगळ्या वहीत लिहायचं आणि ती वही तीन वर्षं जपायची. यादीत बरीचशी अँटिबायोटिक्स आणि टीबीची औषधं आहेत, तशीच कोडीन, ट्रामाडॉल, अल्प्राझोलामही आहेत. पाकिटावर लाल चौकटीत सूचना असते. ती मी कितीदा पाहिली असेल, वाचली कधीच नव्हती. पुढे एप्रिल २०१८ मध्ये ट्रामाडॉल अमली पदार्थांच्या कायद्याखाली, म्हणजे १९८५ च्या एनडीपीएस कायद्याखाली आलं, कारण त्याचा गैरवापर फार वाढला होता. म्हणजे त्या पोराने "पावरवाली" म्हणून जी गोळी मला दिली, ती साध्या डोकेदुखीच्या गोळीसारखी विकायची वस्तूच नव्हती.

"तुझं नाव या वहीत आहे बघ," भाई म्हणाले. बाबांचं नाव, तारीख, तीस गोळ्या. "हे बघितलं म्हणून मला कळलं की गोळ्या लवकर संपल्या. नाहीतर मलाही कळलं नसतं."

मी विचारलं, "मग दुसऱ्या दुकानात कसं काय दिलं?"

ते हसले. "त्या दुकानात माझी वही दिसते का?"

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. हे वाक्य माझ्या डोक्यात रुतलं. नोंद आहे, पण एका दुकानाची नोंद दुसऱ्याला दिसत नाही. एकाने नाही म्हटलं की गिऱ्हाईक दोन चौक पुढे जातं, आणि पुढच्या दुकानात त्याची पाटी कोरी असते. शिवाय १९४८ च्या फार्मसी कायद्याप्रमाणे औषध देण्याचं काम नोंदणी झालेल्या फार्मासिस्टने करायचं असतं. भाईंचं सर्टिफिकेट भिंतीवर देवाच्या फोटोशेजारी टांगलेलं आहे. दुसऱ्या दुकानात काउंटरवर फार्मासिस्ट होता की नाही, हे मी पाहिलंही नव्हतं. पाहिलं असतं तरी त्या रात्री तिथूनच घेतली असती, हेही खरं.

भाईंना मी विचारलं, अशी गोळी मागायला कोण येतं? मला वाटलं ते लूम्सवर बारा-बारा तास उभं राहणाऱ्या पोरांबद्दल बोलतील. ते म्हणाले, "ती पोरं येतात. रात्रपाळी, पाय सुजलेले, घर दूर. त्यांना समजावलं तर ती ऐकतात, घाबरतात. सगळ्यात जास्त भांडतात ते तुमच्यासारखे शिकलेले. मोबाइलवर वाचून येतात, 'भाई, मला माहीत आहे' म्हणतात." मी मान खाली घातली. मग त्यांनी एका पोराबद्दल सांगितलं. खोकल्याचं सिरप मागायला रोज यायचा, खोकला काही ऐकू यायचा नाही. भाईंनी सिरप दिलं नाही, पण त्याला हाकललंही नाही. चहा पाजला, विचारपूस केली आणि सिव्हिल हॉस्पिटलच्या मानसोपचार विभागाचा रस्ता सांगितला. तो गेला की नाही, भाईंना माहीत नाही. "पण हाकललं असतं तर नक्कीच दुसऱ्या दुकानात गेला असता," ते म्हणाले.

माझी चुलतबहीण ओहायोत असते. तिला फोनवर हे सगळं सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "अरे, आमच्याकडे फार्मासिस्ट सोडतच नाही!" तिच्या नवऱ्याच्या गुडघ्याच्या ऑपरेशननंतर अशीच गोळी लिहून दिली होती. फार्मासिस्टने आधी संगणकावर पाहिलं. अमेरिकेच्या बहुतेक राज्यांत सगळ्या दुकानांतली अशा औषधांची विक्री एका ठिकाणी नोंदली जाते, आणि गोळी देण्याआधी फार्मासिस्टला ती पाहता येते. मग त्याने दहा मिनिटं प्रश्न विचारले, आणि गोळ्यांसोबत नाकात मारायचा एक स्प्रे घरी ठेवायला सुचवला. त्याचं नाव नॅलॉक्झोन.

नाव ऐकून मी चमकलो. बाबांना दिलेलं इंजेक्शन तेच होतं. ओपिऑइड मेंदूतल्या ज्या जागांवर बसतं, तिथून नॅलॉक्झोन त्याला ढकलून बाहेर काढतं आणि थांबत आलेला श्वास परत सुरू होतो. हे काही नवं औषध नाही, अमेरिकेत त्याला १९७१ मध्येच मान्यता मिळाली. त्याची नशा होत नाही. ज्याच्या अंगात ओपिऑइड नाही त्याला चुकून दिलं तरी सहसा काही बिघडत नाही. दोन गोष्टी मात्र लक्षात ठेवायच्या. एक, त्याचा परिणाम साधारण अर्धा ते दीड तास टिकतो. गोळीचा परिणाम त्याहून लांब असेल तर माणूस पुन्हा गुंगीत जाऊ शकतो, म्हणून हॉस्पिटल चुकत नाही. दोन, झोपेच्या गोळीवर ते चालत नाही. बाबांना दोन दिवस ठेवून घेतलं ते त्यासाठीच.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१४ मध्येच सांगितलं की ज्यांच्यासमोर असा प्रसंग येऊ शकतो, त्या घरच्या माणसांच्या आणि मित्रांच्या हातात हे औषध असावं. मार्च २०२३ मध्ये अमेरिकेने नाकातला स्प्रे बिनचिठ्ठीचा केला आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये तो दुकानांच्या फळ्यांवर आला. तेव्हा दोन डोसच्या खोक्याची किंमत साधारण ४५ डॉलर होती.

हे ऐकून तिकडचं सगळं छान असं कुणी समजू नये. ही व्यवस्था त्यांनी फार मोठी किंमत मोजून उभी केली आहे. २०२२ या एका वर्षात अमेरिकेत ड्रगच्या ओव्हरडोसने जवळपास १ लाख ८ हजार माणसं गेली. त्यांतली सुमारे ८२ हजार ओपिऑइडने. या साथीची सुरुवात चिठ्ठीवरच्या गोळ्यांपासून झाली होती आणि त्या गोळ्या मेडिकलच्या काउंटरवरूनच गेल्या होत्या. बहिणीच्या ओहायोतच नोव्हेंबर २०२१ मध्ये एका ज्यूरीने औषधदुकानांच्या तीन बड्या साखळ्यांना यासाठी जबाबदार धरलं. पुढे २०२४ मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टाने असा दावा राज्याच्या कायद्यात बसत नाही, असा निर्णय दिला. कोर्टाचं काय व्हायचं ते होवो. काउंटरवर प्रश्न न विचारता गोळ्या गेल्या तर काय होतं, हे त्या देशाने दोन दशकं पाहिलं.

आपल्याकडे नॅलॉक्झोन इंजेक्शनच्या रूपात आहे आणि ते मुख्यतः हॉस्पिटलांत सापडतं. आमच्या नाक्यावरच्या मेडिकलमध्ये ते नाही. भाई म्हणाले, "मागणीच नाही, आणि द्यायचं कुणी?" त्यांचं खरं आहे. म्हणून आपल्याकडच्या घरासाठी औषधापेक्षा माहिती आधी महत्त्वाची. तीन खुणा पाठ करा. हाक मारून, हलवून माणूस उठत नाही. श्वास फार हळू, अडखळत किंवा घशात खरखर करत येतो. बुबुळं टाचणीच्या डोक्याएवढी होतात. ओठ आणि नखं निळी-काळी पडली तर वेळ फारच थोडा आहे. १०८ ला फोन करा, कुशीवर वळवा, पाजू-भरवू नका, एकटं सोडू नका. श्वास थांबलाच तर फोनवरचा माणूस काय करायला सांगतो ते करा. सगळी पाकिटं सोबत न्या. "सकाळी बघू" म्हणू नका.

आता दुसरी बाजू सांगितली नाही तर हा लेख अर्धा राहील. जळगावची माझी मावशी तीन वर्षांपूर्वी कॅन्सरने गेली. शेवटच्या दोन महिन्यांत तिला मॉर्फिनची गरज होती आणि ते मिळवायला मावसभावाने जी पायपीट केली, ती आठवली की आजही वाईट वाटतं. १९८५ च्या कायद्याची दहशत अशी बसली की गरजूंसाठीही मॉर्फिन ठेवायला लोक घाबरू लागले. २०१४ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली. मॉर्फिन, फेंटानिल, मेथाडोन यांच्यासह सहा औषधं 'अत्यावश्यक' ठरली आणि मान्यताप्राप्त संस्थांना ती ठेवणं सोपं झालं. पण भीती कायद्याइतक्या लवकर बदलत नाही. त्यामुळे हा लेख वाचून कुणी दुखण्याच्या गोळीलाच घाबरू नये. ऑपरेशननंतर, कॅन्सरमध्ये ही औषधं देवासारखी आहेत. डॉक्टरांनी दिली असतील तर सांगितल्याप्रमाणे घ्यावीत. बरेच दिवस घेतली असतील तर स्वतःच्या मनाने एकदम बंदही करू नयेत. भाईंनीही मला नुसतं 'नाही' म्हटलं नव्हतं. "नवी चिठ्ठी आणा, पिशवी दाखवा, आज हे द्या, ते देऊ नका," असं म्हटलं होतं. मी मात्र त्यातलं 'नाही' तेवढं ऐकलं.

आणि ज्यांच्या घरात ही गोळी किंवा ते सिरप सवय होऊन बसलं आहे, त्यांच्यासाठीही दोन शब्द. एम्सने केंद्र सरकारसाठी केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात सुमारे २ कोटी २६ लाख लोक ओपिऑइड वापरतात आणि त्यांतल्या जवळपास ७७ लाखांना मदतीची गरज आहे. औषधी गोळ्या-सिरप वापरणाऱ्यांचं प्रमाण हेरॉइनच्या फार मागे नाही. म्हणजे हे 'त्यांचं' दुखणं राहिलेलं नाही. आपल्या मराठी माणसाला याची ओळख तशी जुनी आहे. पुण्यात डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये मुक्तांगण सुरू केलं ते गर्दच्या विळख्यातल्या पोरांसाठीच, आणि पु. ल. देशपांड्यांनी त्याला मदतीचा हात दिला होता. व्यसनाकडे आजार म्हणून बघायला महाराष्ट्राला मुक्तांगणने शिकवलं. सुरतेत बसून पुणे लांब वाटत असेल तर १४४४६ ही केंद्र सरकारची व्यसनमुक्तीची मोफत हेल्पलाइन आहे. फोन करणं म्हणजे घराण्याला बट्टा नाही.

आमच्या घरात आता काही गोष्टी बदलल्या आहेत. बाबांची सगळी औषधं एकाच मेडिकलमधून येतात, भाईंच्या. दहा टक्के सूट देणारं ॲप मी काढून टाकलं. बाबांच्या डायरीत एका पानावर सगळ्या औषधांची नावं, ताकद आणि वेळ लिहिलेली आहे, आणि कोणत्याही डॉक्टरकडे जाताना ते पान सोबत असतं. झोपेच्या गोळीबद्दल फॅमिली डॉक्टरांशी बोललो. त्यांनी ती हळूहळू कमी करत बंद केली. उरलेल्या ट्रामाडॉलच्या गोळ्या मी भाईंना विचारून टॉयलेटमध्ये टाकून फ्लश केल्या. २०२५ मध्ये केंद्रीय औषध नियंत्रण संस्थेने अशी १७ औषधं सांगितली आहेत, जी उरली तर कचऱ्यात न टाकता फ्लश करावीत, म्हणजे ती कुणाच्या हाती लागणार नाहीत. ट्रामाडॉल त्या यादीत आहे. आमच्याकडे सुट्टीत भाचरं येतात, आणि औषधाचा डबा तेव्हा टीव्हीखालच्या कप्प्यात असायचा. आता तो कपाटात, वरच्या फळीवर आहे.

आपल्यातले बरेच जण नोकरीसाठी पुण्याला, बेंगळुरूला किंवा परदेशात आहेत आणि आई-बाबा उधन्यात, लिंबायतमध्ये नाहीतर गावाकडे. दिवाळीला घरी जाल तेव्हा फराळ होऊ द्या, मग एक अर्धा तास काढा. आईला म्हणा, "आई, तुझा औषधांचा डबा जरा आण." काय आहे, कुणी दिलं, कधीपासून चालू आहे, सगळं लिहून काढा. आणि जाता जाता त्यांच्या नाक्यावरच्या मेडिकलवाल्यांना भेटा. तुमचा नंबर द्या. सांगा की काही वेगळं वाटलं तर फोन करा. त्यांच्यासारखं आपल्या आई-बाबांना महिन्यातून दोनदा पाहणारं दुसरं शिकलेलं माणूस बहुधा आसपास नसतं.

बाबा आता रोज संध्याकाळी सोसायटीला दोन फेऱ्या मारतात. कंबर अजून अधूनमधून कुरकुरते. परवा म्हणाले, "जरा जास्तच दुखतंय आज." मी उठायच्या आत त्यांनीच डायरी काढली, चपला घातल्या आणि म्हणाले, "भाईंना विचारून येतो." अर्ध्या तासाने परत आले. हातात शेकायची रबरी पिशवी होती. भाईंनी चहाही पाजला होता.